ओरिजिनलला टक्कर देणारी रॉक कव्हर्स सुचवा (वेळ फक्त अर्धा तास!)

धाकटा_भाऊ
मंडळी मदत हवीये. आमचा दादा गेली कित्येक वर्षं फक्त जुनं रॉक ऐकतो आणि त्याचं ठाम मत आहे की कव्हर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा केलेलं, ते उष्टं, ओरिजिनलच्या पासंगालाही पुरत नाही. मी म्हटलं असं सरसकट नसतं, त्यावरून वाजलं आमचं. शेवटी ठरलं की रविवारी तो मला बरोब्बर अर्धा तास देणार आणि मी ओरिजिनल-कव्हर अशा जोड्या लागोपाठ ऐकवणार. चार जोड्या बसतील असं वाटतंय. लाइव्ह चालणार नाही, त्याच्या मते टाळ्या ऐकून माणूस फसतो. मूळ गाणं रॉकचंच हवं. आणि अर्धा तास म्हणजे अर्धाच तास, तो घड्याळ समोर ठेवून बसतो. सुचवा.

जुनी_सुई
ऑल अलाँग द वॉचटॉवर. धागा बंद करा. डिलनने १९६७ मध्ये केलं ते अडीच मिनिटांचं, साधी गिटार, मागे बेस-ड्रम आणि मधे मधे माउथ ऑर्गन, कोणीतरी शांतपणे निरोप सांगून निघून जावं तसं. हेंड्रिक्सने १९६८ मध्ये त्याचंच वादळ केलं. मधला सोलो नीट ऐकायला लाव दादाला, एकच सोलो आहे पण चार वेगळ्या तुकड्यांत बोलतो, आधी सरळ, मग स्लाइड (तारांवर घसरवत), मग वा-वा पेडल (पायाने दाबलं की गिटार 'वा-वा' बोलते), मग कॉर्ड्स (अनेक सूर एकदम). आणि खुद्द डिलन नंतर ते गाणं हेंड्रिक्सच्या अंगाने वाजवायला लागला. मूळ मालकच शरण आला, आता दादा काय बोलणार!

रिकामा_डबा
वॉचटॉवरला +१. लाइव्ह नको म्हणालायस तरी सांगतोच, हार्ट या बँडने केलेलं लेड झेपलिनचं स्टेअरवे टू हेवन, २०१२ चा केनेडी सेंटरचा कार्यक्रम. झेपलिनचे तिघे वर सज्जात बसलेत, खाली ड्रम्सवर त्यांच्या वारलेल्या ड्रमरचा मुलगा, आणि त्यांचा गायक प्लांट, त्याच्या डोळ्यात पाणी. मी किमान पन्नास वेळा पाहिलंय आणि दर वेळी माझ्याही डोळ्यात येतं.

धाकटा_भाऊ
भाऊ लाइव्ह नको म्हटलं ना 🙏 शिवाय ते एकटंच माझा पाव तास खाईल.

मधली_ओळ
आधी 'ओरिजिनल' कशाला म्हणायचं ते ठरवा, नाहीतर दादा तिथेच पकडेल. लिहिणाऱ्याचं, पहिल्यांदा रेकॉर्ड करणाऱ्याचं, की पहिल्यांदा गाजवणाऱ्याचं? मी अँड बॉबी मगी घ्या. सगळे जॅनिस जॉप्लिनचं म्हणतात. लिहिलं क्रिस क्रिस्टोफरसनने, १९६९ मध्ये आधी गायला रॉजर मिलर, आणि जॅनिसचं बाहेर आलं १९७१ मध्ये, तोवर ती गेलेली होती. ओरिजिनल कुठलं सांगा.

जुनी_सुई
कान ज्याला ओरिजिनल म्हणतो ते. एवढा काथ्याकूट कशाला.

मधली_ओळ
मग दादाचा कान जे म्हणेल तेच जिंकणार, स्पर्धा कशाला ठेवलीत?

तुटकी_तार
आमचा बँड होता कॉलेजात. यू रिअली गॉट मी वाजवायचो, किंक्सचं १९६४ चं नाही, व्हॅन हेलनचं १९७८ चं. मी स्वतः लीड. लोक म्हणायचे व्हॅन हेलनपेक्षा बरं वाजवता (ड्रमर म्हणायचा नाही, पण त्याला कोण विचारतो). ही जोडी घे, दोन्ही छोटी गाणी आहेत. पण एक सांगतो, माझ्या मते इथे ओरिजिनलच जिंकतं. किंक्सच्या गिटारवाल्याने अँपच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला होता, म्हणून तो खरखरीत आवाज. व्हॅन हेलनचं वाजवणं अफाट, पण ते सगळं जमतंय म्हणून वाजवतोय असं वाटतं. किंक्सना दुसरा इलाज नव्हता.

जुनी_सुई
म्हणजे दादाच्या बाजूचा पुरावा दिलास. शाब्बास.

सावळा_सूर
हर्ट. जॉनी कॅश, २००२. मूळ नाइन इंच नेल्स या बँडचं १९९४ चं. गाणं तेच, शब्द जवळपास तेच (एका ओळीतली शिवी काढून काटे घातलेत एवढंच), पण तरुण माणसाने म्हटल्यावर ती स्वतःवरची चीड वाटते आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याने म्हटल्यावर आयुष्याचा हिशोब. चाल न बदलता अर्थ बदलला. कव्हरकडून अजून काय हवं? पुढच्याच वर्षी कॅश गेला.

रिकामा_डबा
हर्ट +१००. पण वॉचटॉवर पण घे.

तुटकी_तार
नाइन इंच नेल्स क्लासिक रॉक कधीपासून?? १९९४ चं आहे ते.

सावळा_सूर
१९९४ ला तीस वर्षं उलटून गेली साहेब. आरशात बघा.

तुटकी_तार
माझं वय काढू नका. रॉक आणि इंडस्ट्रियल (यंत्रांच्या खडखडाटासारखं संगीत) यातला फरक ज्याला कळतो तो असं बोलणार नाही.

*(यापुढच्या सात पोस्ट याच विषयावर, उडवल्या आहेत. वैयक्तिक बोलू नये. – संपादक)*

फसलेला_गिऱ्हाईक
माझी कहाणी ऐका म्हणजे कव्हरचं भूत उतरेल. साठच्या दशकातली वीस हिट गाणी म्हणून एक डिस्क घेतली, वेष्टनावर मोठ्ठी नावं. घरी लावली तर आवाज भलताच. मग भिंगाखाली दिसेल अशा अक्षरात सापडलं की ही गाणी 'त्यांनी लोकप्रिय केलेली' आहेत, गायलेली कुणी स्टुडिओतल्या भाडोत्री गायकांनी. सूर बरोबर, ताल बरोबर, जीव शून्य. तेव्हापासून कव्हर या शब्दाचा धसका घेतलाय. दादांना माझा नमस्कार सांगा.

मधली_ओळ
पण ती नक्कल झाली हो, कव्हर नाही. नक्कल चांगली असली तरी फायदा नसतो. टॉड रंडग्रेनने १९७६ मध्ये एका रेकॉर्डची अख्खी एक बाजू, सहा गाणी, मूळ गाण्यांबरहुकूम बनवली होती, बीच बॉइज, बीटल्स, हेंड्रिक्स सगळं. ऐकून थक्क व्हायला होतं आणि मग आपण उठून ओरिजिनलच लावतो.

पडदा_आणि_कान
मी एक कामाची गोष्ट सांगते, गाणी तुम्ही सुचवताच आहात. आवाजाची पातळी सारखी करून घे. नंतरच्या काळातली किंवा रीमास्टर केलेली (जुनीच, पण आवाज नव्याने सुधारून काढलेली) रेकॉर्डिंग्ज बऱ्याचदा मूळपेक्षा मोठ्या आवाजात असतात आणि थोडा मोठा आवाज कानाला आपोआप 'बरा' वाटतो. १९६७ नंतर थेट २००२ लावलंस तर दादा म्हणेल नुसता आवाज वाढवून जिंकलास, आणि त्याचं चूक नसेल. आधी दोन्ही ऐकून नॉब कुठे ठेवायचा ते कागदावर लिहून ठेव. दुसरं, दर वेळी ओरिजिनल आधी लावू नकोस. जे आधी ऐकतो ते माप होऊन बसतं.

रिकामा_डबा
हेडफोनवर ऐकवा ना. मी नुकताच नवीन घेतलाय, त्यात हेंड्रिक्सची गिटार डाव्या कानातून उजव्या कानात जाते, अंगावर काटा!

धाकटा_भाऊ
ताई, हे भारी आहे, धन्यवाद. बाकी कोणी मिनिटं मोजतंय का? वॉचटॉवर दोन्ही मिळून साडेसहा, हर्ट दोन्ही मिळून दहाच्या आसपास.

सहाचा_ठेका
कोणीच जो कॉकरचं नाव घेतलं नाही म्हणजे कमाल आहे. विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स. बीटल्सचं १९६७ चं रिंगोने गायलंय, खुशीत रस्त्याने चालल्यासारखं, एक-दोन-तीन-चार. कॉकरने १९६८ मध्ये ठेकाच बदलला, सहाच्या झोक्यात आणलं, आपल्या दादऱ्यासारखं समजा, आणि लय इतकी उतरवली की तेच शब्द मदतीसाठी फोडलेल्या हाकेसारखे वाटायला लागतात. रिंगो मित्रांबद्दल सांगतोय, कॉकरला त्यांची गरज आहे. स्टुडिओवाल्यात गिटार झेपलिनवाल्या जिमी पेजची. पण खरी मजा वुडस्टॉक महोत्सवातल्या लाइव्हमध्येच

धाकटा_भाऊ
लाइव्ह नको!!!

सहाचा_ठेका
ऐकून तरी बघ. नंतर शिव्या दे.

लोखंडी_कान
डिस्टर्ब्डचं साउंड ऑफ सायलेन्स, २०१५. पॉल सायमनला स्वतःला आवडलं होतं, अजून काय पाहिजे.

जुनी_सुई
त्यात सायलेन्स कुठेय? शेवटी तर नुसती आरोळी आहे.

मधली_ओळ
गंमत म्हणजे सायमन-गारफंकलचं जे गाजलं तेही ओरिजिनल नाहीच. १९६४ ला नुसत्या गिटारवर केलेलं आपटलं, मग १९६५ ला निर्मात्याने त्या दोघांना न सांगता वर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स चढवले आणि ते पहिल्या नंबरवर गेलं. तुमच्या दादांना कुठलं आवडतं? इलेक्ट्रिकवालं असेल तर त्यांनी निम्मा वाद तिथेच हरलाय.

सावळा_सूर
दादा झेपलिनवाले असतील तर व्हेन द लेव्ही ब्रेक्स लाव. १९७१ चं ते ड्रम्स ज्यावर जग फिदा आहे. मूळ १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय, दोघं नवराबायको, दोन गिटार बस. दादा आयुष्यभर कव्हरच ऐकत आलेत.

तुटकी_तार
मूळ रॉकचं हवं अशी अट आहे, ते ब्लूज आहे. वाचता येतं का?

सावळा_सूर
तुम्ही अजून आहातच का.

धाकटा_भाऊ (रविवारी रात्री)
झालं एकदाचं. आधी सांगतो, तुमच्यापैकी एकाचंही गाणं लावलं नाही, मारू नका. शनिवारी रात्री बसून मोजलं, तुमच्या सगळ्या जोड्या धरल्या तर दादा मध्येच उठला असता. शिवाय मधली_ओळ म्हणाले ते डोक्यात अडकलं होतं. म्हणून एकच गाणं घेतलं, ट्विस्ट अँड शाउट, तीन जणांचं, प्रत्येकी अडीच मिनिटांच्या आसपास. माझी मूळ रॉकची अट मीच मोडली, तुटकी_तार यांनी माफ करावं. बीटल्सचं १९६३ चं दादाचं लाडकं, लेननला सर्दी झालेली, दिवसभर रेकॉर्डिंग करून घसा बसलेला, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं आणि पहिलाच टेक घेतला, हे सगळं दादानेच मला लहानपणी सांगितलेलं. हेच खरं, म्हणाला, आता तुझं कव्हर लाव.

मग आयली ब्रदर्सचं १९६२ चं लावलं. ताईंनी सांगितलं तसा नॉब जुळवून. म्हणाला, छान आहे, पण पाहिलंस ना, नक्कल ती नक्कलच. मी काही बोललो नाही. तिसरं लावलं, टॉप नोट्स, १९६१, सगळ्यात पहिलं. अर्ध्यात म्हणाला, बंद कर, हा काय प्रकार आहे, चालच हरवलीये. तेव्हा सांगितलं की हे ओरिजिनल. ज्याने गाणं लिहिलं त्याला स्वतःलाच हे रेकॉर्डिंग पसंत नव्हतं, म्हणून त्याने आयलींचं स्वतः उभं राहून करून घेतलं, आणि तुझे बीटल्स तिसरे.

दादा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, म्हणजे आधीच्या दोघांना जमलं नव्हतं, ओरिजिनल बीटल्सचंच.

उरलेल्या वेळात त्याने माझ्या स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्यात हे दाखवून दिलं.

मधली_ओळ
वायरी खरंच उलट्या होत्या?

धाकटा_भाऊ
हो, एका बाजूच्या 😐

जुनी_सुई
वॉचटॉवर लावायला हवं होतं.