सूचनापत्रात ‘पाच मिनिटे’ की ‘५ मिनिटे’?

कुळागर (फोंडा): वेर्ण्याच्या एका कारखान्यासाठी पंप चालवायच्या सूचना मराठीत लिहितोय. इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी नऊपर्यंत अक्षरी आणि १० पासून आकडे असा दंडक आहे, तोच लावला. तपासणारे म्हणतात, सगळीकडे आकडेच घाला. आता ‘२ व्हॉल्व्ह बंद करून १ माणसाने बाजूला उभे राहावे’ हे वाचवतं तरी का?

फिटरबाब (वास्को): पंपापाशी उभा असलेला माणूस वाचत नाही हो, शोधतो. आमच्या पाळीत निम्मे झारखंड-ओडिशाचे. ‘एकोणसाठ’ दिसलं की ५९ की ६९, विचारायला येतात. आपली पोरंही येतात, उगाच त्यांना कशाला नावं ठेवा! आणि तुमच्या दंडकाने ‘आठ मिनिटे चालवा, १२ मिनिटे थांबा’ असं होतं. एका ओळीत दोन तऱ्हा कशाला?

मास्तर (डिचोली): आकड्यावर एवढा भरवसा? झेरॉक्सची झेरॉक्स काढा, १.५ बार दाबातलं टिंब उडतं आणि १५ बार होतात. ‘दीड बार’मधलं काय उडणार? चेकवर आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षरी रक्कम धरतात. १८८१ च्या चेक-हुंड्यांच्या कायद्यात, कलम १८ मध्ये तसं लिहिलंय.

फिटरबाब: चेक बँकेत बसून वाचतात. दाब दाखवणाऱ्या गेजवर ‘दीड’ छापलेलं कुठे पाहिलंत? उलट, हाताने लिहिलेला देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, म्हणून मी तर म्हणतो, गेजवर जे इंग्रजी आकडे तेच सूचनेत हवेत.

मांडवीकाठ (पणजी): ‘१२ ६ मिमी बोल्ट’ कसं वाचणार, फिटरबाब? तिथे ‘बारा ६ मिमी बोल्ट’च लिहावं लागतं. मोजदाद अक्षरी, माप आकड्यात, एवढं पुरे. आणि ‘दोन-चार थेंब तेल’ला ‘२-४ थेंब’ केलंत तर एखादा खरंच मोजत बसेल.

कुळागर: मग व्हॉल्व्ह ‘दोन’च राहू देत. दाबापुढे मात्र ‘१.५ (दीड) बार’ असं दोन्ही घालू?

फिटरबाब: नको. उद्या दाब बदलला की कोणीतरी १.५ चा २ करणार आणि कंसातला ‘दीड’ तसाच राहणार.

मास्तर: मग निदान फोरमनला विचारतील तरी. नुसत्या आकड्यात चूक झाली तर विचारणार कोण?