बुद्धिबळ इंजिनांची (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमची) न्याय्य चाचणी म्हणजे दोघांना सारखीच सेटिंग?

तिरपा उंट:
डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या इंजिनाने स्टॉकफिश ८ या इंजिनाविरुद्ध १०० डावांत २८ विजय आणि ७२ बरोबरी मिळवल्या; एकही डाव गमावला नाही. मात्र स्टॉकफिशला ६४ थ्रेड (एकाच वेळी चालणारे गणनेचे धागे) देऊन हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थिती साठवायची मेमरी, फक्त १ जीबी ठेवला होता, आणि दोघांनाही प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट होते. अवघड चालीसाठी वेळ राखून ठेवणे हे स्टॉकफिशचे कसब त्यामुळे वायाच गेले. माझ्या मते समान सेटिंग म्हणजे समान संधी नव्हे. प्रत्येक इंजिनाला त्याच्या कर्त्यांनी सुचवलेली मांडणी मिळायला हवी.

अडीच घरं:
असहमत. प्रत्येकाची मांडणी वेगळी केली की इंजिनाऐवजी मांडणाऱ्याचीच परीक्षा होते. शिवाय २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या सामन्यात ३२ जीबी हॅश, डावाला तीन तास आणि चालीमागे जादा १५ सेकंद देऊनही १००० डावांत अल्फाझीरो १५५ जिंकला आणि ६ हरला. मग तक्रार उरली कुठे?

तिरपा उंट:
उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर ठरत नाही. पहिल्या सामन्यातले ६४ टक्के गुण (बरोबरीला अर्धा गुण धरून) म्हणजे सुमारे १०० एलोंची (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजणारे गुणांकन) आघाडी, तर दुसऱ्यातले साडेसत्तावन्न टक्के म्हणजे जेमतेम ५०.

अडीच घरं:
वेळ वाढला की बरोबऱ्याही वाढतात. आघाडी घटल्याचे सगळे श्रेय वाढीव हॅशला कसे द्याल?

तिरपा उंट:
हे मान्य. एका वेळी एकच गोष्ट बदलली असती, तर हा वाद उरला नसता.

पटावरचा पाहुणा:
घरच्या चाचणीत मीही फसलो आहे. एक सेटिंग बदलल्यावर ५० डावांत २८-२२ अशी आघाडी दिसली आणि मी खूश होऊन थांबलो, पण तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. आता प्रत्येक ओपनिंग (डावाची सुरुवात) रंग बदलून दोनदा खेळवतो आणि कुठे थांबायचे हे एसपीआरटीच्या (पुरेसा पुरावा जमला की थांबवणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीच्या) मर्यादांनी आधीच ठरवतो.

अडीच घरं:
पण दहा सेकंदांच्या डावांत सरस ठरलेली सेटिंग रात्रभर चालणाऱ्या विश्लेषणात टिकेल कशावरून?

पटावरचा पाहुणा:
म्हणूनच स्टॉकफिशच्या फिशटेस्टवर (त्यातले बदल तपासण्याच्या व्यवस्थेवर) १० सेकंद अधिक चालीमागे ०.१ सेकंदाच्या डावांत उत्तीर्ण झालेला बदल सहसा ६० अधिक ०.६ वर पुन्हा तपासतात. रात्रभराच्या विश्लेषणाची हमी त्यातूनही मिळत नाही, तेवढे तुमचे म्हणणे खरे आहे.