म्हैसूर म्हणालो म्हणून मी वाचन वाढवू?

बाळीवेसकर:
आपल्या सोलापूरकरांच्या ग्रुपवर कालच्या रेडिओ कोड्यात प्रश्न होता, 'आकाशवाणी' हे नाव सगळ्यात आधी कुठल्या केंद्राला मिळालं? पर्याय मुंबई, दिल्ली, कोलकाता, म्हैसूर. मी म्हैसूर लिहिलं. संध्याकाळी कोडेमास्तरांचं उत्तर आलं, "कोलकाता. नाव रवींद्रनाथांनी दिलं. चुकलेल्यांनी वाचन वाढवावं." आणि पुढे एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्यानं रात्री झोप लागली नाही. म्हणून लांबड लावतोय, वाचा. म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३५ साली त्यांनी स्वतःच्या घरातून केंद्र चालू केलं आणि त्याला नाव दिलं आकाशवाणी. रवींद्रनाथांची कविता आली १९३८ ला, कोलकात्याचं लघुलहरी केंद्र सुरू झालं तेव्हा. मधल्या काळात, १९३६ ला, दिल्लीवाल्यांनी बारसं केलं ते ऑल इंडिया रेडिओ असं. आता पस्तीस आधी येतं का अडतीस, हेही उद्या कोड्यात विचारा.

रोज कोडं घालायला माझी ना नाही. पण इकडून तिकडून ढकलत आलेल्या चित्रावरचं उत्तर उचलून दोनशे लोकांना वाटायचं असेल, तर हा प्रकार बंद केलेला बरा.

कोडेमास्तर:
पहाटे पाचला उठून प्रश्न काढतो मी. कुणाकडून एक रुपया घेत नाही. उलट महिन्याला बक्षिसाची शेंगा चटणीची चार पाकिटं माझ्या पेन्शनीतून जातात. एक उत्तर इकडं तिकडं झालं तर एवढा पंचनामा? आणि अण्णा, तुम्हाला म्हैसूरचाच पुळका का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरात कन्नडच चालतं तुमच्याकडं.

बाळीवेसकर:
घरात कन्नड चालतं म्हणून १९३५ साल पुढं सरकतं काय? ही काय भाषा झाली? अहो, या गावात एका वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू अन् उर्दू एकाच नळावर भांडतात. गुलबर्ग्याचं केंद्र १९६६ ला सुरू झालं तेव्हा आमचे वडील सकाळी सांगली लावायचे, आई दुपारी गुलबर्गा लावायची. काटा दोघांत फिरून फिरून आतली दोरी घसरली. मग काटा जागेवर, गोल बटण नुसतं फिरतंय. वडिलांनी मागचा पुठ्ठा काढून मागावरचं सूत मेण लावून ओवलं. त्याच्यावर चाललं ते दहा वर्षं. पुळका म्हणे.

विडी घरकुलच्या ताई:
तुमचं म्हैसूर-कोलकाता चालू द्या. मला वेगळंच बोलायचंय. प्रश्न पडतो सकाळी सातला, पहिलं बरोबर उत्तर येईल त्याला गुण. आमच्याकडं पाणी येतं पाच दिवसांनी, तेही साडेसहाला. सातला माझ्या एका हातात पाइप, दुसऱ्या हातात कळशी, मोटार बंद पडतीय का त्याच्यावर कान. हात पुसून मोबाइल धरेपर्यंत सात-दहा. तोवर पाच पुरुषांची उत्तरं पडलेली. चटणीचं पाकीट आजवर एका बाईला मिळालंय का, मास्तरांनी सांगावं.

साखर पेठ:
ताई, त्या पाचांनाही काही येत नाही. सात वाजून एक मिनिटात कुणाला आठवतं, आकाशवाणीची सकाळची धून वॉल्टर कॉफमनने बांधली म्हणून? गुगल करतात सगळे. मी पण करतो.

सात रस्ता:
पाच दिवस म्हणजे नशीबवान आहात ताई. आमच्याकडं वेळच नाही. एकदा रात्री साडेआठ, एकदा दीड. दीडला उठून पिंप भरलंय, सकाळी कोडं कसलं सोडवू?

विडी घरकुलच्या ताई:
नशीबवान? या एकदा, पाचव्या दिवशीचं पिंपाच्या तळाचं पाणी बघा. चहा पिववत नाही त्याचा.

होटगी रोड:
उजनी धरण भरलं की दारं उघडल्याचे फोटो हेच लोक टाकतात. "भीमामाईला पूर आला", हात जोडलेले. आणि नळ उघडला की फुसफुस नुसती. मी टँकरला दिलेल्या पैशात नवा रेडिओ आला असता.

साखर पेठ:
रेडिओ कशाला, रेडिओचं दुकान आलं असतं.

कोडेमास्तर:
विषय रेडिओचा आहे. पाण्याचं दुसरीकडं काढा.

विडी घरकुलच्या ताई:
दुसरीकडं कुठं? पाण्याची वेळ अन् तुमच्या प्रश्नाची वेळ एक आहे, म्हणून इथंच काढणार.

माजी जॉबर:
गुगलवाल्यांना एक सांगतो. आमच्या कारखान्यात चोवीस माग. चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागायचं. रेडिओ होता कांड्या भरायच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला, चामड्याच्या कव्हराला भोकं पडलेली, सगळ्यावर सुताची पांढरी लव. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, सिनेमाची गाणी क्रमांक लावून वाजवायचे ती. पावणेआठला मी दोन माग बंद करायचो आणि मालकाला सांगायचो, धोटा अडकतोय. मग बायका कांड्या भरता भरता ऐकायच्या आणि आम्ही दाराला कान लावून. आवाज यायचा, जायचा, समुद्रातून आल्यासारखा. पायदानावर आलेलं गाणं ऐन वेळी खरखरीत बुडायचं, मग त्याच्यावरून आठवडाभर पैजा. एके बुधवारी मालक म्हणाला, "तुमचा धोटा बुधवारचाच का अडकतो?" आणि तिथंच पोत्यावर बसला, शेवटचं गाणं होईस्तोवर.

हे येतं का गुगलवर? असले प्रश्न विचारा. कोण कुठल्या वारी कुठं बसून ऐकायचं, ते.

साखर पेठ:
त्याचं बरोबर उत्तर कोण ठरवणार, तुमचा मालक?

भजनवाले काका:
सिलोनचं कौतुक पुरे. सिलोन चाललं कशामुळं? १९५२ ला केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी हटवली, म्हणून. ऐकणारे गेले की शहाणपण सुचलं आणि १९५७ ला विविध भारती काढली. आणि त्याच्याही आधी, १९४० पासून, रेडिओवर पेटीला बंदी. साधी हार्मोनियम! तीसेक वर्षं. आमचे गुरुजी शेवटपर्यंत रेडिओला सवत म्हणायचे. यावर तीनदा प्रश्न पाठवला मास्तरांना, एकदाही घेतला नाही.

कोडेमास्तर:
तुमच्या प्रश्नात चारही पर्याय "पेटी" होते काका.

जुळे सोलापूर:
मी इथला लहान. खरं बोललो तर रागावू नका. मला रेडिओ म्हणजे रिक्षात लागतो तेवढा. रोज सकाळी हे कोडं, मग त्याच्यावर साठ अंगठे, मग "शुभ सकाळ". बंद झालं तर काय बिघडेल?

अशोक चौक:
काय बोलालाव? बिघडेल ते मी सांगतो. मागं बाळीवेसकरांचं दोन दिवस उत्तर पडलं नाही. एकटा माणूस, मुलगा पुण्याला. आपल्यातल्या कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याच नाही. फोन केला मास्तरांनी. विचारा अण्णांना.

बाळीवेसकर:
केला होता फोन. तापानं पडून होतो. मला वाटलं, प्रकृती विचारतील. पहिलं वाक्य काय? "कालचा प्रश्न सोपा होता हो, तुम्हाला आला असता."

कोडेमास्तर:
दुसरं वाक्य सांगा की.

बाळीवेसकर:
दुसरं, डबा पाठवू का. आला डबा. ज्वारीची भाकरी कडक होती, तापाच्या माणसाला कुणी कडक भाकरी पाठवतं का? पण आमटी चांगली होती, ते कबूल करतो. त्यानं कोलकाता बरोबर ठरत नाही.

कोडेमास्तर:
बरं. काल रात्री बसून शोधलं. १९३५ दिसतंय. म्हैसूर लिहिणाऱ्या तिघांना अर्धा गुण.

बाळीवेसकर:
अर्धा? बरोबर उत्तराला अर्धा? आणि कोलकातावाल्यांचे गुण?

कोडेमास्तर:
दिलेले परत घेत नाही मी. अशानं उद्या कुणी खेळायचं नाही.

बाळीवेसकर:
मग तो हसरा चेहरा तरी परत घ्या.

विडी घरकुलच्या ताई:
अहो, ते राहू दे. वेळेचं काय ठरलं?

कोडेमास्तर:
उद्यापासून प्रश्न रात्री साडेआठला. झालं समाधान?

सात रस्ता:
रात्री साडेआठला आमच्याकडं पाणी येतं.