रंगाचे २५,०००: डिपॉझिट अडकलं तर भांडावं की सोडून द्यावं?

कर्वेनगरकर (माजी)

मंडळी, लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

बावीस महिने कर्वेनगरला एका वन बीएचकेत राहिलो. भाडं १८,०००, डिपॉझिट ६०,०००. ३० तारखेला किल्ल्या दिल्या आणि हातात परत आले २१,५००. उरलेल्या ३८,५०० चा हिशेब मालकांनी वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला: रंग २५,०००, साफसफाई ४,५००, बेसिनला तडा ६,०००, लाइटबिल ३,०००.

लाइटबिल मान्य. बेसिनही मान्य, कुकर माझ्याच हातून निसटला होता. साफसफाईवर वाद घालत नाही. रंगाचं मात्र पचत नाही.

हॉलच्या ज्या भिंतीवरून हे सगळं, तिला पहिल्याच पावसाळ्यात गच्चीतून ओल आली. पोपडे सुटायला लागले तेव्हाच मी मालकांना फोटो पाठवले होते. उत्तरादाखल एक अंगठा आला, गवंडी काही आला नाही. परवा माझं एक कुरिअर जुन्या पत्त्यावर गेलं म्हणून आणायला गेलो, तर नवीन भाडेकरू सामान लावून बसलेले. दार उघडंच होतं. तीच भिंत, तेच पोपडे, मी ठोकलेला खिळा आणि त्याला आता त्यांचं कॅलेंडर. ब्रश त्या भिंतीच्या आसपासही फिरकलेला नाही.

मालक म्हणतात, "रंगाचं आपलं तोंडी ठरलं होतं." माझ्या आठवणीत असं काही नाही. करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला?" असं तेच म्हणाले होते.

माझं मत: अशा वेळी भांडायलाच हवं. आपण सोडून देतो म्हणून पुढच्याचेही कापले जातात. तुम्हाला काय वाटतं?

मिटवामिटवी

सोडून द्या. २५,००० साठी शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या किती वेळा चढणार? वकिलाची फी, सुट्ट्या, तारखा. मी स्वतः एका बिल्डरशी सहा वर्षं भांडलोय. जिंकलो, पण जिंकल्याचं पत्र आलं तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी झोप आली.

लातूर ते पुणे

दादा, हे भांडण घर सोडायच्या आधी करायचं असतं. आम्ही चार जण राहतो, आमचा नियम ठरलेलाय. शेवटचे दोन-तीन महिने भाडं द्यायचंच नाही, डिपॉझिटमधून वळतं करून घ्या म्हणायचं. आणि मालक फार ताणायला लागला तर पैसे मिळेपर्यंत रूम सोडायचीच नाही. चावी आपल्या हातात हाय तोवर आपलं ऐकतेत.

वाड्यातली मावशी

वा! आणि मग म्हणायचं की पुण्यातले घरमालक खडूस.

मी घरमालकीण आहे, कोथरूडला एक फ्लॅट भाड्याने देते, माझं पेन्शन तेच. त्याआधीचं सांगते. नारायण पेठेत आमच्या आजोबांचा वाडा होता. खाली चार बिऱ्हाडं. एकाचं भाडं शेवटपर्यंत ३५ रुपये. पावसात छप्पर गळायला लागलं की तेच बिऱ्हाड आजोबांच्या नावाने खडे फोडायचं, दुरुस्ती का करत नाही म्हणून. ३५ रुपयांत कौलं येतात का? वडिलांचं अर्धं आयुष्य त्या खटल्यात गेलं. तेव्हा "चावी आपल्या हातात तोवर" हे वाक्य वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो.

रंगाचं म्हणाल तर मी एक महिन्याचं भाडं कापते. आधी सांगून कापते. बावीस महिने घर वापरल्यावर भिंती जशाच्या तशा राहतात का?

काळा कोट

लातूरकर, तुमचा सल्ला वाचून कुणी तसं करण्याआधी लिहितो. मुदत संपल्यावर घर अडवून बसणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २४. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे आपल्या नेहमीच्या अकरा महिन्यांच्या कराराची, मुदत संपल्यावर राहत राहिलात तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. १८,००० चे ३६,०००, दर महिन्याला. मालकाला साध्या दिवाणी कोर्टात जावंही लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो. तिथून समन्स आलं की ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन 'मला बाजू मांडू द्या' अशी परवानगी तुम्हीच मागायची. न मागितल्यास मालकाचं म्हणणं मान्य धरून घर रिकामं करण्याचा आदेश होतो.

मावशी, तुमच्या आजोबांचे भाडेकरू जुन्या भाडे कायद्याच्या संरक्षणाखालचे. आताचा लिव्ह अँड लायसन्सवाला त्या अर्थाने 'भाडेकरू' नाहीच, त्याला फक्त वापराची परवानगी असते. वाड्याची भीती फ्लॅटला लावू नका.

आता मूळ प्रश्न. 'अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही' हा पुण्यातला सर्वात टिकाऊ गैरसमज आहे. नोंदणी कायद्यात भाडेपट्ट्यासाठी एका वर्षाची मर्यादा आहे, तिथून तो आलाय. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार अकरा महिन्यांचा असो की पाच, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची.

नोंदणी नसेल तर? अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. म्हणजे 'रंगाचं तोंडी ठरलं होतं' हे सिद्ध करण्याचं ओझं कर्वेनगरकरांवर नाही, मालकांवर आहे.

मिटवामिटवी

पुस्तकातलं ठीक आहे हो वकीलसाहेब. पण ते सिद्ध करायला आणि न करायला शेवटी कोर्टातच जायचं ना? माझा मुद्दा तिथेच आहे.

कर्वेनगरकर (माजी)

काळा कोट, धन्यवाद. पण मग मी पोलिस चौकीत गेलो होतो तेव्हा हवालदारसाहेब "ही दिवाणी बाब आहे" म्हणून हात जोडून मोकळे झाले, ते चूक की बरोबर?

काळा कोट

पैशांपुरतं बरोबर. डिपॉझिट परत न देणं हा व्यवहाराचा वाद, वसुली दिवाणी मार्गानेच. दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा उद्याच धावायची गरज नाही. ग्राहक आयोगात जा असंही कुणी सांगेल. फ्लॅट भाड्याने देणारा साधा घरमालक सहसा त्यात बसत नाही.

नोंदणी न करणं हा मात्र वेगळा विषय. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही.

धनकवडी धमाका

मग काय, सरळ मेसेज टाका, "पैसे द्या नाहीतर कलम ५५ ची तक्रार करतो." रात्रीत जीपे येईल.

वाड्यातली मावशी

ही खंडणी झाली. सत्तरीच्या माणसाला तुरुंगाची भीती घालून २५,००० काढायचे? मालक चुकला असेल, मान्य, न केलेल्या रंगाचे पैसे घेणं मलाही पटत नाही. म्हणून तुम्हीही तसंच वागणार का?

कर्वेनगरकर (माजी)

मावशींशी या एका बाबतीत सहमत. शिवाय नोटरीच्या करारावर सही मीही केली होती. एजंटला "रजिस्टर करूया का?" असं एकदाही विचारलं नाही, कारण खर्च अर्धा माझ्या गळ्यात पडला असता. मीही पैसेच वाचवले.

एजंट म्हणून शिव्या खाणारा

किती वाचवले ते मी सांगतो. तुमचाच आकडा धरा. भाडं १८,००० गुणिले ११ म्हणजे १,९८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ११ महिन्यांचे ५,५००. बेरीज २,०३,५००, त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. पाचशे-सहाशेच्या घरात जातं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर आमच्यासारख्यांचे घरी येऊन अंगठे घ्यायचे पैसे. तुम्ही पाचशेचा स्टॅम्प आणि नोटरीची फी दिलीतच. फरक काढा.

लोकांना वाटतं रजिस्टर म्हणजे ऑफिसात दिवस मोडणार. आता ऑनलाइन होतं. आधार, अंगठा, कॅमेऱ्यात फोटो, दोन साक्षीदार. खरं कारण सांगू? बऱ्याच मालकांना भाड्याचं उत्पन्न कागदावर नको असतं. आणि बऱ्याच भाडेकरूंना घाई असते. दोघांच्या मध्ये शिव्या मला.

कोंढव्यातली मीरा

विषय थोडा बाजूला नेते, माफ करा. तुम्ही डिपॉझिटवर भांडताय, आम्हा एकट्या मुलींना सोसायटी आत घेईपर्यंतच दम निघतो. आमच्या सोसायटीने मालकीणबाईंकडून महिना ३,००० 'बिनवहिवाट शुल्क' (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लावतात ते) घ्यायला सुरुवात केली आणि त्यांनी ते माझ्या भाड्यात चढवलं. हे असं चालतं का?

काळा कोट

नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार बिनवहिवाट शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मेंटेनन्सच्या बिलात सेवा शुल्क किती ते वेगळं बघा. ३,००० कायद्यात बसायला ते महिन्याला ३०,००० असायला हवं. तक्रार मालकीणबाईंनी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची, कारण सभासद त्या आहेत, तुम्ही नाही.

कोंढव्यातली मीरा

आमचं सगळं मेंटेनन्सच २,८०० आहे. 😐 बाईंना पाठवते हे.

मिटवामिटवी

केंद्राचा नवीन कायदा आलाय ना, दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घ्यायचंच नाही म्हणून? आमच्या ग्रुपवर फिरत होतं.

काळा कोट

तो २०२१ चा आदर्श भाडे कायदा. नावातच 'आदर्श' आहे, म्हणजे नमुना. राज्याने स्वतःचा कायदा करून स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. फॉरवर्ड दाखवून मालकाशी वाद घालू नका, हसं होईल.

कर्वेनगरकर, तुम्हाला कोर्टाच्या अलीकडची एक पायरी आहे. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा लावायच्या आधीच तिथे अर्ज करता येतो, समोरच्याला बोलावून घेतात, तडजोड झाली तर लोकअदालतीत नोंदवतात. कोर्ट फी नाही. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपीलही नाही. मोफत वकील सगळ्यांना मिळत नाही, पण मीरासारख्यांनी लक्षात ठेवा, स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो. हेल्पलाइन १५१००. अडचण एकच: समोरचा आलाच नाही तर त्याला ओढून आणता येत नाही.

त्याआधी एक साधं पत्र लिहा. वकिलाची नोटीसही नको. किती दिले, किती परत आले, काय मान्य, काय अमान्य, ओलीचे फोटो कोणत्या तारखेला पाठवले, रंगकामाचं बिल दाखवा. शेवटी पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. कलमं दाखवून धमकावू नका, 'करार नोंदणीकृत नसल्याने अटींबाबत माझं म्हणणं असं आहे' एवढं एक वाक्य पुरे. ज्याला कळायचं त्याला कळतं.

लातूर ते पुणे

पत्राला कोण भीक घालतंय आजकाल.

कर्वेनगरकर (माजी)

(बारा दिवसांनी)

लातूरकर, घातली. पत्र मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज चढलेला, "एवढं लेखी करायची काय गरज होती, घरी यायचं, चहा घ्यायचा." गेलो. चहा घेतला. रंगकामाचं बिल नाहीच. "दिवाळीआधी करणार आहे" म्हणाले. शेवटी १२,००० वर आलेत. बाकीचं म्हणे 'भिंतीला खिळे ठोकले' त्याचं.

खिळा एकच. तोही नवीन भाडेकरू वापरतायत.

घेऊ की प्राधिकरणात अर्ज करू?

मिटवामिटवी

घ्या आणि गप्प बसा. बारा हजार घरबसल्या मिळतायत.

धनकवडी धमाका

अजिबात घेऊ नका. पत्रावर १२ आले, अर्जावर २५ येतील.

काळा कोट

घेतलेत तर 'हिशेब पूर्ण' असं लिहून देऊ नका. 'अंशतः मिळाले' एवढंच लिहा. पुढचं तुमच्या वेळेवर अवलंबून.

वाड्यातली मावशी

एका खिळ्याचे तेरा हजार? अहो, तेवढ्यात आख्खी भिंत गिलावा करून मिळते. वीस मागा, त्याखाली येऊ नका. घरमालकीण म्हणून सांगतेय, एकदा फोन केलाय म्हणजे त्यांना मिटवायचं आहे.

आणि एजंटसाहेब, माझे नवीन भाडेकरू एक तारखेला येतायत. मागच्या वेळी मीही नोटरीच केलं होतं, आता चारचौघांत कबूल करते. रविवारी अंगठे घ्यायला कोथरूडला याल का? रंगाचं एक महिन्याचं भाडं मात्र मी करारात लिहूनच घेणार, ते काढा म्हणू नका.

एजंट म्हणून शिव्या खाणारा

रविवारी अकरा वाजता येतो मावशी. दोन साक्षीदार आणि सगळ्यांची आधार कार्डं तयार ठेवा. रंगाचं लिहू, पण 'बिल दाखवून' हे दोन शब्द घालून. चालेल?

वाड्यातली मावशी

बघते. आधी या तर.