लुआंग प्राबांगला बोटीनेच जा
थायलंडमधून लाओसमधल्या लुआंग प्राबांगला विमानाने जावं की बोटीने, असं विचारलंत. हाताशी वेळ असेल तर बोटच! थायलंडच्या सीमेला लागून असलेल्या, लाओसमधल्या हुआय सायहून मेकाँग नदीतून २ दिवस लागतात, मधला मुक्काम पाकबेंगला. बोटीत जुन्या गाड्यांच्या सीटा असतात. इंजिन मागे धडधडत असतं, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धरा. आम्ही उशिरा गेलो, दोघंही दिवसभर खुणांनीच बोलत होतो. (भांडण झालं नाही, हा फायदाच.)

शाकाहारी असाल तर जपून, भाजीतही फिश सॉस पडतो. बांबूच्या टोपलीतला चिकट भात आणि बायकोने आणलेली शेंगदाण्याची चटणी, यावर आमचं छान भागलं. पुढे राजधानी व्हिएन्तिआनला २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने जा, साधारण २ तासांत पोहोचाल.