स्पेस गेमसाठी जॉयस्टिक आणि थ्रॉटल : अनुभव लिहा

कक्षा_भ्रमण: 'एलिट डेंजरस' पुन्हा इन्स्टॉल करताना कपाटातली जुनी स्टिक दिसली, म्हणून हा धागा. माझं ठाम मत : घेताना बटणं मोजू नका, अ‍ॅक्सिस मोजा, म्हणजे किती हालचाली कमी-जास्त करता येतात ते. यानाला सहा लागतात. पिच (नाक वर-खाली), यॉ (नाक डावी-उजवीकडे), रोल (कुशीवर कलणं) आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकणं. ट्विस्टवाली (हँडल पिळता येणारी) स्टिक तीन देते, साधा थ्रॉटल (वेगाची दांडी) एक. उरलेले दोन कुठून आणणार ते आधी ठरवा.

रात्रपाळी: थ्रस्टमास्टर टी.16000एम आणि टीडब्ल्यूसीएस ही जोडी. थ्रॉटलवर तर्जनीखाली मिनीस्टिक आहे, तिच्यावर ते दोन. हिशेब जुळला.

मीनल_टी: कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. रेलवर सरकणारा थ्रॉटल मध्येच अडकून एकदम पुढे जात असेल तर आधी खालचा टेन्शन स्क्रू थोडा सैल करा. तरी अडकला तर जुनं घट्ट ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस लावा, अगदी पातळ थर. डब्ल्यूडी-40 नको, ते ग्रीस नाही, चार दिवसांत परत तेच.

दोन_दांड्या: थ्रॉटल घ्याच कशाला? डाव्या हातालाही स्टिक. हात सोडला की स्प्रिंगने मध्यावर, म्हणजे थ्रस्ट (इंजिनाचा रेटा) शून्य. 'स्टार सिटिझन'च्या लढाईत फार उपयोग.

रात्रपाळी: @दोन_दांड्या 'एलिट'च्या सुपरक्रूझमध्ये (लांबच्या अतिवेगवान प्रवासात) स्टिक तासभर पुढे धरून बसणार का?

दोन_दांड्या: 75% स्पीडला वेगळं बटण बाइंड करायचं (नेमून द्यायचं). पोचायला 7 सेकंद दिसले की दाबायचं, पुढे हात मोकळा.

मीनल_टी: सनमायकाच्या टेबलावर बेस सरकतो त्याला काय करता? सक्शन कप टिकत नाहीत.

कक्षा_भ्रमण: वेल्क्रो. नाहीतर क्लॅम्प, पण टेबलाच्या कडेची जाडी मोजूनच मागवा. हँडल कोपराच्या उंचीला यायला हवं, नाहीतर मनगट दुखतं.

मीनल_टी: वेल्क्रो बघते 🙏

जुना_पायलट: ट्विस्टला पोटेन्शिओमीटर (घासून चालणारा सेन्सर) असेल तर तो झिजतो, नाक आपोआप वळत राहतं. डेडझोन (मध्याजवळची हालचाल गेम सोडून देतो तो भाग) 5% करून बघा. वाढवत 15% वर जावं लागलं तर सेन्सर बदला. हॉल सेन्सरमध्ये (चुंबकावर चालणाऱ्या) घासणारा भागच नसतो. आणि 'एलिट'वाल्यांनो, स्टिक जोडायच्या आधी गेम सुरू केला तर मॅपिंग (कुठलं बटण काय करतं ते, म्हणजेच बाइंडिंग्ज) डिफॉल्टवर जाऊ शकतं. बाइंडिंग्जच्या फोल्डरची कॉपी आजच काढून ठेवा.

रात्रपाळी: आत्ताच काढली. बॅकलाइटवाल्या थ्रॉटलची बटणं न दाबता दाबली जात असतील तर स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरवाला यूएसबी हब लावून बघा, बऱ्याचदा वीज कमी पडत असते.