मदत हवी आहे: इंग्रजी शब्दात जोर नेमका कुठे द्यायचा?
सोलापुरात नववीला इंग्रजी शिकवते. घरी कुणी मराठी, कुणी तेलुगू, कुणी कन्नड बोलतं, त्यामुळे मुलं शब्दातला प्रत्येक अवयव (सिलेबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) सारख्याच जोराने म्हणतात. टाळ्या वाजवून अवयव मोजणं जमलं. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्यावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर, हे फळ्यावर लहानमोठे ठिपके काढून दाखवलं, तर पोरं एकदम खूश! अडतंय ते दोन अवयवांच्या शब्दांत. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मग 'व्हिजिट', 'आन्सर' दोन्ही वेळा पहिल्यावरच कसे? शब्दकोशातली खूण बघायला शिकवलंय, पण कोश वर्गात एकच आहे, प्रोजेक्टर नाही आणि तास ३५ मिनिटांचा. जोर न बदलणारे शब्द ओळखायची काही खूण आहे का, की याद्याच पाठ करून घ्यायच्या?